पाण्याचा जमाखर्च

व्यापारी घरात हिशेबाची शिस्त लहानपणीच अंगवळणी पडते. जमेची आणि नावेची बाजू ताडून पाहिल्याशिवाय दिवस संपत नाही, आणि शिल्लक जुळली नाही तर मोठी माणसे जेवायला उठत नाहीत, असे दृश्य अनेक कुटुंबांत एके काळी नित्याचे होते. देहाच्या व्यवहारात मात्र हीच माणसे कमालीची बेहिशेबी असतात. किती पाणी प्यायले, घामातून किती गेले आणि त्याबरोबर मीठ किती वाहून गेले, याची नोंद कोणी ठेवत नाही. सामान्य दिनक्रमात त्याची गरजही भासत नाही; तहान आणि मूत्रपिंडे ही जोडी मुनिमासारखी शांतपणे आपले काम करीत असते. परंतु देहाला सहा-आठ तास राबवणारा एखादा प्रसंग आला, की हा हिशेब जिवावर बेतू शकतो. अडथळ्यांची दीर्घ शर्यत हा असाच एक प्रसंग होय.

हा खेळ आता परका राहिलेला नाही. दुकानाची गादी सांभाळणारे तरुण, सनदी लेखापाल झालेल्या मुली, इतकेच नव्हे तर चाळिशी ओलांडलेले गृहस्थही रविवारी पहाटे चिखलातून सरपटायला, दोरावर चढायला आणि वाळूची पोती खांद्यावर वाहायला जाऊ लागले आहेत. या खेळाचे एक मूळ इंग्लंडमध्ये सापडते. १९८७ साली वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या पर्टन येथील एका शेतावर बिली विल्सन यांनी ऐन हिवाळ्यात ‘टफ गाय’ ही शर्यत भरवली. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन रेस’ या दोन संस्थांच्या शर्यती सुरू झाल्या आणि हा खेळ जगभर पसरला. स्पार्टनच्या शर्यतींची चढती भाजणी आहे: स्प्रिंट सुमारे ५ किलोमीटर व २० अडथळे, सुपर १० किलोमीटर व २५ अडथळे, बीस्ट २१ किलोमीटर व ३० अडथळे, आणि अल्ट्रा ५० किलोमीटर व ६० अडथळे. ‘वर्ल्ड्स टफेस्ट मडर’ ही २०११ पासूनची शर्यत तर सलग २४ तास चालते. आपल्याकडे ‘डेव्हिल्स सर्किट’सारख्या शर्यती साधारण ५ किलोमीटरच्या असतात. त्यात गोडी लागलेला तरुण मात्र हळूहळू परदेशातील लांब पल्ल्याच्या शर्यतींची स्वप्ने पाहू लागतो.

घरच्यांना काळजी वाटते ती पडण्याची आणि हाडे मोडण्याची. ती रास्तच आहे. तथापि दुसरा एक धोका दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही आणि पुष्कळदा तो मायेच्या माणसांच्या हातूनच वाढतो. तो धोका पाण्याचा. पाणी कमी पडल्याने होणारे नुकसान सर्वांना ठाऊक असते. पाणी जास्त झाल्यानेही मनुष्य दगावू शकतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

प्रथम क्षारांची ओळख करून घेणे योग्य ठरेल. ज्यांना इंग्रजीत इलेक्ट्रोलाइट म्हणतात ते सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी क्षार शरीरातील पाण्यात विरघळून विद्युतभार वाहणाऱ्या कणांच्या रूपात वावरतात. मज्जातंतूंतील संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचे ठोके यांचा व्यवहार या कणांच्या देवाणघेवाणीवर चालतो. पेशींच्या बाहेरील द्रवात सोडियमचे प्राबल्य असते, तर पेशींच्या आत पोटॅशियमचे. निरोगी माणसाच्या रक्तात एका लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल सोडियम असते. ही पातळी १३५ च्या खाली उतरली की त्या अवस्थेला वैद्यकात हायपोनेट्रेमिया म्हणतात. ती वेगाने घसरली, की रक्तातील पाणी पेशींमध्ये शिरू लागते आणि पेशी फुगतात. अन्य अवयवांना फुगायला थोडीफार जागा असते; मेंदू मात्र कवटीच्या बंद पेटीत असतो. त्यामुळे पहिला आघात मेंदूवर होतो.

घाम म्हणजे मूलतः सौम्य खारे पाणी. श्रम करणाऱ्या माणसाला तासाला साधारण अर्धा ते दोन लिटर घाम येतो. त्यातील सोडियमचे प्रमाण माणसागणिक फार बदलते. कोणाच्या एक लिटर घामात दोनशे-तीनशे मिलिग्रॅम सोडियम असते, तर कोणाच्या दीड हजारांहून अधिक. सरासरी नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास धरता येते. ज्याच्या टोपीवर आणि बनियनवर वाळल्यानंतर पांढरे डाग उमटतात, ज्याच्या डोळ्यांत घाम उतरून चुरचुरतो, त्याच्या घामात मीठ अधिक असण्याचा संभव असतो. सोडियमच्या मानाने घामातून पोटॅशियम फारच थोडे जाते. म्हणून एकाचे प्रमाण दुसऱ्याला लावणे हे एका पेढीचा ताळेबंद दुसऱ्या पेढीच्या वहीत उतरवण्यासारखे ठरते.

पाण्याविषयीचा वैद्यकीय उपदेश गेल्या काही दशकांत कसा बदलत गेला, हा इतिहासही उद्बोधक आहे. एके काळी धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाई. १९६५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या खेळाडूंसाठी पाणी, साखर व क्षार यांचे पेय तयार केले. विद्यापीठाच्या संघाच्या नावावरून त्याला ‘गेटोरेड’ म्हटले गेले. त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागण्यापूर्वीच प्या, जमेल तितके प्या, असा प्रचार सुरू झाला. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या मान्यवर संस्थेच्या १९९६ च्या निवेदनात घामातून गेलेले सर्व पाणी भरून काढावे, अथवा सोसेल तितके अधिकाधिक प्यावे, असा सल्ला होता. त्यासाठी तासाला ६०० ते १,२०० मिलिलिटर हे प्रमाण सांगितलेले होते.

धोक्याची सूचना मात्र त्याआधीच मिळाली होती. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्या दरम्यान सुमारे ९० किलोमीटरची कॉम्रेड्स शर्यत होते. तेथील डॉ. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दीर्घ पल्ल्याच्या चार खेळाडूंची प्रकरणे प्रसिद्ध करून सांगितले, की या खेळाडूंना झालेला विकार पाण्याच्या अतिरेकामुळे झालेला असावा. त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक धावपटू याच विकाराने मरण पावली. त्याच शर्यतीत संशोधकांनी धावपटूंच्या रक्ताचे नमुने घेतले होते. त्यांचा अहवाल २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. शर्यत संपवलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होते आणि तिघांचे तर १२० किंवा त्याखाली, म्हणजे प्राणघातक पातळीवर उतरलेले होते. या विकाराशी सर्वांत घट्ट संबंध आढळला तो शर्यतीदरम्यान वजन वाढण्याचा. साधे पाणी प्यायले की क्षारयुक्त पेय, यामुळे विशेष फरक पडलेला दिसला नाही. २००७ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने आपला सल्ला बदलून प्रत्येकाने आपल्या घामाच्या प्रमाणाप्रमाणे प्यावे असे सांगितले. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल्सबॅड येथे जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने मांडलेला निष्कर्ष तर अगदी साधा होता: श्रम करताना तहानेप्रमाणे प्यावे.

क्षारयुक्त पेय प्यायले तरी धोका का टळत नाही, हे आकडेमोडीने सहज ध्यानात येते. समजा, एका ६८ किलो वजनाच्या तरुणाच्या देहात एकूण ४० लिटर पाणी आहे आणि त्यात लिटरमागे १४० मिलीमोल या हिशेबाने ५,६०० मिलीमोल सोडियम आहे, असे ढोबळमानाने धरू. पाच तासांच्या शर्यतीत त्याला ५ लिटर घाम आला आणि त्यातून लिटरमागे ४० प्रमाणे २०० मिलीमोल सोडियम गेले. उरले ५,४००. त्याने या काळात ३ लिटर साधे पाणी प्यायले, तर देहात ३८ लिटर पाणी उरले. भागाकार केला असता पातळी १४२ येते. म्हणजे तो थोडा सुकला आहे, परंतु सोडियम सुरक्षित आहे. आता त्याने भीतीपोटी ७ लिटर साधे पाणी प्यायले आणि ते देहातच साठले, तर पाणी झाले ४२ लिटर आणि पातळी उतरली १२९ पर्यंत. त्याने ७ लिटर नेहमीचे स्पोर्ट्स ड्रिंक प्यायले असते, तर त्यात लिटरमागे साधारण २० मिलीमोल सोडियम असल्याने १४० मिलीमोल जमा झाले असते. तरीही पातळी १३२ च भरते. देहाचा खरा व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे. परंतु कल यावरून कळतो. या खात्यातील सर्वांत मोठी रक्कम पाण्याची आहे, मिठाची नव्हे. अतिरिक्त पाण्याची भरपाई मिठाच्या गोळीने होत नाही.

जादा झालेले पाणी मूत्रपिंडे बाहेर का टाकत नाहीत, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. विश्रांतीच्या वेळी ती तासाला ८०० ते १,००० मिलिलिटरपर्यंत पाणी टाकू शकतात. परंतु दीर्घ श्रम, वेदना, मळमळ आणि मनावरचा ताण यांमुळे शरीर पाणी धरून ठेवणारे संप्रेरक स्रवू लागते. दुष्काळात उपयोगी पडणारी ही योजना येथे उलटते. लघवी कमी होते आणि प्यायलेले पाणी देहातच मुरते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी ही प्रवृत्ती आणखी वाढण्याचा संभव असतो, शिवाय थकलेल्या मूत्रपिंडांवर त्यांचा वेगळा भार पडतो. खांदा दुखेल म्हणून शर्यतीपूर्वीच अशी गोळी घेण्याची सवय अनेकांना असते. ती सोडून देणे श्रेयस्कर.

अडथळ्यांच्या शर्यतीत आणखी काही अडचणी भर घालतात. रस्त्यावरच्या मॅरेथॉनमध्ये ठरावीक अंतरावर पाण्याची टेबले असतात आणि धावपटूचे हात मोकळे असतात. येथे डोंगराची चढण असते, पाणी मिळण्याची ठिकाणे विरळ असतात आणि हात दोरावर किंवा पोत्याखाली गुंतलेले असतात. म्हणून लांब पल्ल्याचे स्पर्धक पाठीवर नळीची पाण्याची पिशवी बांधतात. तिची अडचण अशी, की किती प्यायले ते दिसत नाही. पिशवीवर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा करून ठेवल्या तर नोंद राहते. शिवाय ही शर्यत संथ चालते. तीच मंडळी जास्त वेळ मैदानात राहतात, जास्त वेळा पाणी पितात आणि त्यांना घाम तुलनेने कमी येतो. बोस्टनच्या अभ्यासातही चार तासांहून अधिक वेळ लागलेल्यांमध्ये सोडियम उतरण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. पहिल्या क्रमांकासाठी झटणाऱ्यांपेक्षा, केवळ शर्यत पूर्ण करण्याच्या उमेदीने आलेल्या हौशी माणसाने याबाबत अधिक सावध असावे.

थंड पाण्यातील अडथळ्यांचाही परिणाम होतो. गार पाण्यात बुडी मारली की हातापायांतील रक्त आत खेचले जाते, त्यामुळे शरीराला पाणी जास्त झाल्याचा भास होऊन लघवीचे प्रमाण वाढते. उलट तहानेची जाणीव थंडीत मंदावते. म्हणून उष्ण दिवसाचा अंदाज थंड दिवसाला लावता येत नाही.

चिखलाचे प्रकरण तर स्वतंत्रच आहे. २०१२ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील नेवाडा राज्यात झालेल्या एका लांब पल्ल्याच्या अडथळा-शर्यतीनंतर स्पर्धकांना अतिसाराची लागण झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २२ रुग्णांची नोंद आहे. जनावरांच्या विष्ठेने दूषित झालेला चिखल पोटात गेल्याने कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू पसरला होता. अतिसारातून पाणी व क्षार घामापेक्षाही झपाट्याने जातात. सबब पिशवीच्या नळीच्या तोंडाला झाकण असावे, चिखलाने भरलेल्या हाताने खाणे टाळावे आणि तोंडात गेलेला चिखल चूळ भरून थुंकून टाकावा.

दोरावर चढताना पोटरीत किंवा पंजात गोळा आला, की लगोलग मिठाची कमतरता झाली असा निष्कर्ष काढला जातो. संशोधनाने त्याला पूर्ण पुष्टी दिलेली नाही. गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातील क्षारांत लक्षणीय फरक आढळला नाही, असे अनेक अभ्यास सांगतात. थकलेल्या स्नायूंवरील मज्जासंस्थेचे नियंत्रण बिघडणे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी पद्धतीच्या लोणच्याचे खारट-आंबट पाणी दिल्यावर गोळा सरासरी ८५ सेकंदांत सुटला. इतक्या थोड्या वेळात मीठ रक्तात पोहोचणे शक्य नसते. तोंडात व घशात लागलेल्या आंबट झटक्यानेच मज्जातंतू शांत झाले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. आपल्या तेलातील लोणच्याशी त्या पाण्याचा संबंध नाही, हे येथे सांगणे अवश्य आहे.

व्यवहारात काय करावे? पहिली पायरी म्हणजे आपल्या घामाचे माप काढणे. सरावाच्या दिवशी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक तास शर्यतीसारखाच श्रम करावा, त्या काळात किती पाणी प्यायले ते मोजून ठेवावे, नंतर अंग पुसून पुन्हा वजन करावे. समजा, आधी ६८ किलो होते, नंतर ६७.२ भरले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले. वजनातील घट ०.८ आणि प्यायलेले ०.५ मिळून घाम झाला १.३ लिटर. मध्ये लघवी झाली असेल तर तिचे माप वजा करावे. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात हे माप वेगवेगळे येते, म्हणून दोन्ही ऋतूंत काढावे. पिण्याचे प्रमाण घामाहून कधीही अधिक नसावे, हा नियम या मापातून हाती येतो. तासाला १.३ लिटर घाम येणाऱ्याने तेवढे सगळे पिण्याचा अट्टाहास करू नये. तहानेप्रमाणे घोट-घोट घेतले तर बहुतेकांचे काम भागते. लांब शर्यतीअखेर वजन किंचित घटलेले असणे स्वाभाविक आहे, कारण देहातील इंधनही जळलेले असते. वजन वाढले असेल तर मात्र जमाखर्च चुकला, असे निश्चित समजावे.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या दोन ते चार तास आधी शरीराच्या दर किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे ६० किलोच्या माणसाने ३०० ते ४२० मिलिलिटर पाणी सावकाश प्यावे. तासाभरात संपणाऱ्या ५ किलोमीटरच्या शर्यतीला क्षारांच्या पेयाची सहसा गरज नसते. साधे पाणी आणि नंतर घरचे जेवण पुरेसे असते. त्याहून दीर्घ श्रमांत पेयाच्या एका लिटरमागे ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम असावे, असे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. मिठाच्या वजनापैकी सुमारे ४० टक्के सोडियम असते. म्हणजे पाव चहाचा चमचा सपाट मीठ, आठ-दहा चमचे साखर आणि एक लिंबू यांचे एक लिटर सरबत या कामाला उत्तम. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, पण घामाच्या मानाने सोडियम कमी असते. म्हणून दीर्घ शर्यतीत केवळ त्यावर विसंबू नये. शर्यतीनंतर मीठ घातलेले ताक, वरणभात किंवा खिचडी यांतून क्षारांची भरपाई चांगली होते. वजन घटलेले असेल, तर घटलेल्या दर किलोमागे सुमारे दीड लिटर द्रव पुढील काही तासांत, खाण्याबरोबर, हळूहळू घ्यावे. एकाच बैठकीत घटाघटा पिऊ नये. नवे पेय, नवी गोळी किंवा नवे प्रमाण शर्यतीच्या दिवशी प्रथमच वापरू नये.

जलसंजीवनी अर्थात ओआरएस हे मुळात अतिसाराचे औषध आहे. आतड्यातून सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात, या तत्त्वावर ते उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात बंगालच्या सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडत असल्याने मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी तोंडाने देण्याचा निर्णय घेतला आणि मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. त्यातील सोडियम ७५ मिलीमोल, म्हणजे स्पोर्ट्स ड्रिंकच्या तिपटीहून अधिक भरते. फार खारट घाम येणाऱ्याला दीर्घ शर्यतीत त्याचा उपयोग होतो. मात्र पुडीवर लिहिलेल्या मापानेच पाणी घ्यावे. नावावर भुलू नये. सूत्राशी न जुळणाऱ्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ हा शब्द छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात मनाई केली, ती याच कारणाने. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्यांनी क्षारांचे कोणतेही पेय वा गोळी वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या कुटुंबांतील तरुणांसाठी दोन गोष्टी स्वतंत्रपणे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. क्षारांच्या अनेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडीपासून व हाडांपासून बनवलेले असते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात; हिरव्या ठिपक्याची खूण आणि घटकद्रव्यांची यादी दोन्ही पाहून घ्यावी, किंवा सरळ पूड विरघळवून प्यावी. दुसरी गोष्ट वेळेची. चौविहार आणि नवकारसी पाळणाऱ्याच्या पोटात सूर्यास्तापासून सूर्योदयानंतरच्या ४८ मिनिटांपर्यंत पाण्याचा थेंब जात नाही. तेरा तासांच्या आसपासचा हा काळ होतो. अशा तरुणाने सकाळच्या पहिल्या तुकडीत धावण्याचा हट्ट धरू नये. या शर्यती तुकड्या-तुकड्यांनी सुटतात. उशिराची तुकडी मागून घेता येते. आदल्या दिवशी दिवसभर थोडे-थोडे पाणी घ्यावे, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात पुरेसे द्रव असावे आणि सकाळी नवकारसी आल्यावर तासाभराचा तरी अवकाश ठेवून मग मैदानात उतरावे. उपवासाच्या काळात लांब शर्यतीचे नावच काढू नये. नेम आणि शर्यत यांत निवड करायची वेळ आली, तर पुढे ढकलता येते ती शर्यत.

आता राहिला प्रश्न अंतिम रेषेवर उभ्या असलेल्या घरच्या माणसांचा. मुलगा डगमगत येतो, त्याचे डोके दुखते, मळमळते, बोलणे असंबद्ध वाटते. आईचा हात आपोआप पाण्याच्या बाटलीकडे जातो. येथेच क्षणभर थांबायला हवे, कारण पाणी कमी पडल्याची आणि जास्त झाल्याची लक्षणे वरवर सारखीच दिसतात. अंगठी घट्ट झाली आहे का, मनगटावरच्या पट्ट्याची खूण रुतली आहे का, बोटे व चेहरा सुजला आहे का, शर्यतीत तो सतत पाणी पीत होता का, वजन वाढले आहे का, हे पाहावे. या प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल, तर साधे पाणी देऊ नये आणि त्याला तत्काळ वैद्यकीय तंबूत न्यावे. उलटी, गोंधळ, झटके किंवा बेशुद्धी दिसली तर एक मिनिटही दवडू नये. अशा रुग्णाला तीव्र खारट सलाइन थोड्या मात्रेत शिरेतून द्यावे लागते; ते काम डॉक्टरांचे आहे. ‘सुकला आहे, एक सलाइन लावा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, कारण नेहमीचे सलाइन घाईने चढवल्यास नुकसान होऊ शकते. त्याने किती पाणी प्यायले आणि कोणत्या गोळ्या घेतल्या, एवढी माहिती डॉक्टरांना अचूक द्यावी. उलट अंग तापलेले, तोंड कोरडे, वजन बरेच घटलेले आणि शुद्ध पूर्ण असेल, तर सावलीत बसवून घोट-घोट पाणी व खारट काहीतरी द्यावे. अंग भट्टीसारखे तापून बोलण्यात भ्रम दिसू लागला, तर तो उष्माघात समजून मदत येईपर्यंत गार पाण्याने अंग थंड करीत राहावे.

पुढच्या शर्यतीला निघताना घरातून पिशवीत बूट, टॉवेल आणि सरबताची बाटली जाईलच. त्यांच्या जोडीला एक लहानसा वजनकाटा आणि वहीचे एक पान न्यावे. पानावर चार आकडे पुरेत: सुटतानाचे वजन, मध्ये प्यायलेले पाणी, लागलेला वेळ आणि परतल्यावरचे वजन. हा उद्योग पाच मिनिटांचा आहे आणि रोजकीर्द लिहिणाऱ्या घराला तो मुळीच जड जाऊ नये. दोन-तीन शर्यतींनंतर ते पान त्या तरुणाविषयी जे सांगेल, ते कोणत्याही पेयाच्या जाहिरातीत छापलेले नसेल.